फाइल हरवत नाही, फॉन्ट हरवतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑगस्ट उजाडला की शिरूर आणि दौंडमधल्या टायपिंगच्या दुकानांत एक ठरावीक गर्दी सुरू होते. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभा म्हटली की अहवाल आला. अहवाल म्हटला की ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची यादी आणि मागच्या सभेचं इतिवृत्त आलं. सचिव खिशातून पेन ड्राइव्ह काढतात आणि म्हणतात, "मॅडम, गेल्या वर्षीचाच अहवाल आहे. आकडे तेवढे बदला."

आम्ही फाइल उघडतो, आणि पडद्यावर मराठीचं एकही अक्षर दिसत नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, टिंबं, रेघा यांचा नुसता खच पडलेला असतो. शेजारी उभा असलेला कुणीतरी जाणकार लगेच निदान करतो, "व्हायरस लागलाय. डिलीट करा आणि नव्याने टाइप करा."

हे 'डिलीट करा' मला थांबवायचं आहे. शिरूरला टायपिंग आणि डीटीपीचं काम करता करता अशा कितीतरी फाइली माझ्या हातून गेल्या. अशा फाइलीत बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. मजकूर जागच्या जागी असतो. तो वाचायची किल्ली तेवढी आपल्या मशिनवर नसते.

काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावातून सोसायटीचे सचिव आले. बरोबर साठीच्या एक मावशी होत्या. त्यांचे यजमान सोसायटीचे जुने सभासद होते आणि ते नुकतेच वारले होते. त्यांच्या नावचे भाग आपल्या नावावर व्हावेत, असा मावशींचा अर्ज होता. अडचण अशी, की सोसायटीने मध्यंतरी नवा हिशेबाचा प्रोग्रॅम घेतला, तेव्हा यादी नव्याने भरताना यजमानांचं नाव सुटलं. जुनं सभासद रजिस्टर एका पावसाळ्यात भिजून त्याचा लगदा झालेला. उरली होती ती २००१ सालच्या अहवालाची एक सीडी. तिच्यात सभासदांची संपूर्ण यादी होती. तालुक्यात दोन ठिकाणी सीडी दाखवून झाली होती. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, व्हायरस.

मी फाइल उघडली. वर सांगितला तोच खच. पण एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. आकडे शाबूत होते. अनुक्रमांक, भागांची संख्या, रक्कम, सगळे रकाने इंग्रजी आकड्यांत ओळीने उभे होते. पिकात गुरं शिरून सगळं तुडवून जावीत आणि बांधावरचे दगड तेवढे जागेवर राहावेत, तसं ते दिसत होतं. व्हायरस आकडे ओळखून सोडून देत नाही. तेव्हाच मी मावशींना म्हटलं, "बसा, चहा घ्या. यात काहीतरी आहे."

हे असं का होतं, ते शिरूरच्याच नावावरून सांगते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षरासाठी एक क्रमांक ठरलेला असतो आणि तो क्रमांक साठवला जातो. जुन्या पद्धतीत अशी जेमतेम २५६ घरं होती आणि त्यातली महत्त्वाची घरं इंग्रजीने आधीच अडवलेली होती. मराठीला स्वतःचं घर नव्हतं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. घर इंग्रजीचंच ठेवलं आणि त्यावरचं चित्र मराठीचं रंगवलं. टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या अनेकांना माहीत असलेला 'कृतिदेव ०१०' फॉन्ट घ्या. त्यात इंग्रजी डी या अक्षराच्या घरात 'क'चं चित्र आहे. 'शिरूर' लिहायचं तर आधी एफ, म्हणजे पहिली वेलांटी. मग वरचं एकेरी अवतरणचिन्ह, म्हणजे अर्धा 'श'. मग के, म्हणजे काना, त्याने 'श' पुरा झाला. मग एकाखाली एक दोन टिंबांचं विरामचिन्ह, म्हणजे 'रू'. आणि शेवटी जे, म्हणजे 'र'. पडद्यावर आपल्याला 'शिरूर' दिसतं. संगणकाला मात्र शिरूर ठाऊकच नाही. त्याच्या लेखी तिथे एफ, अवतरणचिन्ह, के, दोन टिंबं आणि जे एवढंच आहे.

म्हणजे हे इंग्रजी अक्षरांनी घेतलेलं मराठीचं सोंग झालं. फॉन्ट मशिनवर आहे तोवर सोंग छान वठतं. फाइल दुसऱ्या मशिनवर गेली, तिथे तो फॉन्ट नसला, की मुखवटा गळतो आणि आतलं इंग्रजी उघडं पडतं. मोबाइलवर तर हमखास, कारण असले जुने फॉन्ट मोबाइलमध्ये नसतातच. आकड्यांच्या बाबतीत बऱ्याच फॉन्टांनी एक शहाणपणा केला होता. इंग्रजी आकड्यांच्याच घरात मराठी आकडे बसवले होते. त्यामुळे सोंग उतरलं तरी आकडे आकडेच राहतात. मावशींच्या यादीत तेच झालं होतं.

खरा घोळ पुढचा. कुठल्या घरात कुठलं चित्र बसवायचं, हे प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापलं ठरवलं. निव्वळ बारभाईंचा कारभार. एका फॉन्टात लिहिलेल्या मजकुराला दुसरा फॉन्ट लावला, तर मराठी अक्षरं दिसतात खरी, पण वाचायला गेलं तर अर्थाचा पत्ता नसतो.

यावरचा विचार आपल्या पुण्यातही झाला होता. 'सी-डॅक' ही संस्था १९८८ साली पुण्यात सुरू झाली आणि आयआयटी कानपूरला मूळ धरलेलं 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान तिने पुढे नेलं. अक्षराचं चित्र न साठवता अक्षरच साठवायचं, या तत्त्वावर 'इस्की' नावाची भारतीय मानक पद्धत १९९१ साली ठरली. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना घरं देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरं मिळाली, आणि त्यांची मांडणी 'इस्की'च्या आधीच्या, १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतलेली होती. पण कागदावर घर मिळणं वेगळं आणि तिथे राहायला जाणं वेगळं. विंडोजमध्ये देवनागरी अंगभूत आली ती 'विंडोज २०००'पासून. 'एक्सपी'मध्येसुद्धा सीडी घालून भारतीय भाषांची सोय वेगळी बसवावी लागे, आणि ती कुणी बसवत नसे. दुकानातली छपाई जुन्या फॉन्टांवर व्यवस्थित चालली होती. म्हणून १९९० च्या सुमारापासून पुढची पंधरा-वीस वर्षं आपल्या तालुक्यांतले अहवाल, इतिवृत्तं, लग्नपत्रिका, वाटणीपत्रांचे मसुदे सगळे सोंगाच्या मराठीत लिहिले गेले. ते सगळं आज कपाटातल्या सीड्यांवर आणि जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहे.

युनिकोडमध्ये 'शिरूर' म्हणजे श, पहिली वेलांटी, र, दुसरा उकार, र. इथेही घरं पाचच, पण जुन्या पाचांशी त्यांचं काही नातं नाही. आणि क्रम पाहा. आपण वेलांटी 'श'च्या आधी काढतो, पण उच्चारात ती नंतर येते. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो, जुना फॉन्ट हाताचा. रफाराचंही तसंच. 'कर्ज' लिहिताना जुन्या फॉन्टात क, ज आणि वर रफार. युनिकोडमध्ये क, र, हलन्त, ज. म्हणून जुनी फाइल युनिकोडमध्ये आणायची तर नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात. हे काम करणारे परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर, मिळतात. पण त्यांना आधी सांगावं लागतं, की मूळ फॉन्ट कोणता.

आता मावशींच्या फाइलीकडे येते. मूळ फॉन्ट कोणता, हे फाइलच सांगते. वर्डमध्ये त्या कचऱ्यावर कर्सर ठेवायचा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत पाहायचं. फॉन्ट मशिनवर नसला, तरी त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं. वर्डने तात्पुरता दुसरा फॉन्ट लावून दाखवलेला असतो, पण नाव पुसलेलं नसतं. म्हणून अशी फाइल समोर आली की तीन गोष्टी करू नयेत. सगळा मजकूर निवडून त्याला दुसरा फॉन्ट लावू नये. तो नोटपॅडमध्ये चिकटवू नये, कारण नोटपॅड फॉन्टचं नाव जपत नाही. आणि मूळ फाइल सेव्ह करू नये. आधी प्रत करायची आणि जे काय करायचं ते प्रतीवर. दोन ठिकाणी फिरून आलेल्या त्या फाइलीवर सुदैवाने कुणी हात मारला नव्हता. ती सीडीवर होती, आणि त्या सीडीवर लिहिता येत नव्हतं, म्हणून वाचली.

नाव मिळालं. तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता. ज्या दुकानात अहवाल टाइप झाला, ते बंद झालेलं. त्या काळी मराठीची सॉफ्टवेअरं एका कुलपासकट येत. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी एक छोटी डबी लावायची, ती नसेल तर प्रोग्रॅम चालायचा नाही. ते मशीन, ती डबी, सगळं भंगारात गेलेलं. पण नुसतं वाचायला सॉफ्टवेअर लागत नाही, फॉन्टची फाइल पुरते. दौंडच्या एका छापखान्यात जुनी हार्ड डिस्क होती, तिच्यात ती सापडली. तिथल्या मुलाने पेन ड्राइव्हवर घालून दिली. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे दौंडहून काही आणायचं तर केडगाव-चौफुल्यावरून भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे रस्त्यानेच यावं लागतं. सचिव दुसऱ्या दिवशी ती घेऊन आले. फॉन्ट बसवला, फाइल पुन्हा उघडली आणि पान मराठीत उभं राहिलं.

यजमानांचं नाव कुठे होतं ते सांगते, पण आधी परिवर्तनाचा घोळ सांगायला हवा, कारण त्याच नावावर तो झाला.

मराठीत 'र'ची एक खास तऱ्हा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर प्रवचन होईल आणि 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाक. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात ती आडवी, कोयत्यासारखी खूण आहे. हिंदीला तिची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले परिवर्तक तिथे हमखास अडखळतात आणि 'शेतकऱ्यांना'च्या जागी 'शेतकर्यांना' करून ठेवतात. सोसायटीच्या अहवालात 'शेतकऱ्यांना' हा शब्द किती वेळा येतो, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे तर गावाच्या नावातच ही परीक्षा आहे. न्हावरे लिहिताना काही अडचण नाही. 'न्हावऱ्याचा ऊस' लिहा, की परिवर्तकाची इयत्ता कळते. मी कुठलाही नवा परिवर्तक हाती आला की हेच दोन शब्द त्याच्यापुढे टाकते.

त्यातही एक आतली गोम आहे. युनिकोडमध्ये ही खूण दोन तऱ्हांनी साठवता येते. एक, नुक्ता असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'य'. दुसरी, साधा 'र', हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग 'य'. छापल्यावर दोन्ही सारखीच. पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर सापडत नाही. यादीत नाव डोळ्यांना दिसतंय आणि संगणक 'नाही' म्हणतोय, असं झालं तर हे तपासा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग 'य', ही पहिली पद्धत. ती एकच पाळली तर पुढचा त्रास वाचतो.

जुन्या फाइलीतच दुरुस्त्या करायच्या असतील, तर आणखी एक शत्रू घरात बसलेला असतो. वर्डला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. म्हणून तो वाक्याचं पहिलं अक्षर आपण होऊन मोठं करतो. कृतिदेवमध्ये छोट्या एनच्या घरात 'द' आहे आणि मोठ्या एनच्या घरात 'छ'. तुम्ही वाक्याच्या सुरुवातीला 'दर साल दर शेकडा' लिहिता आणि वर्ड त्याचं 'छर साल दर शेकडा' करून टाकतो. पहिला 'दर' बिघडतो, दुसरा शाबूत. तपासणारा बुचकळ्यात पडतो, की एकाच ओळीत टायपिस्टने असं कसं केलं. अशा वेळी ऑटोकरेक्ट बंद करून मगच कामाला बसावं.

आता कचऱ्याचे प्रकार ओळखायला शिका, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खच, म्हणजे जुना फॉन्ट. हे झालंच. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या, तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त दाखवायला देवनागरी फॉन्ट नाही. काहीच गेलेलं नाही. तिसरा प्रकार, दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए येतो. हासुद्धा युनिकोडच, पण चुकीच्या पद्धतीने वाचलेला. यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचं प्रत्येक अक्षर तीन तुकड्यांत साठवलं जातं आणि त्यातला पहिला तुकडा नेहमी सारखा असतो. तोच हा ए. आणि चौथा प्रकार, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. इथे मात्र मी हात टेकते. युनिकोड मजकूर कुणीतरी जुन्या पद्धतीने सेव्ह केला आणि ज्या अक्षरांना घर नव्हतं त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं भरली गेली. मूळ अक्षर त्यात उरलेलंच नसतं. नोटपॅड सेव्ह करताना याचा इशारा देतो. आपण न वाचता ओके दाबतो.

फाइल उघडतच नाही, हे दुखणं वेगळं. लिहिणं चालू असताना वीज जाते, पेन ड्राइव्ह मध्येच उपसला जातो आणि फाइलीचा सांगाडा मोडतो. इथेही पहिलं औषध प्रत. मग वर्डमध्ये ओपनच्या बटणाशेजारी छोटा बाण असतो, त्यात 'ओपन अँड रिपेअर' आहे. ते जमलं नाही तर तीच फाइल 'लिबरऑफिस'मध्ये उघडून पाहावी. ते फुकट मिळतं आणि वर्डने नाकारलेली फाइल कधीकधी निमूट उघडतं. फाइल उघडते पण मध्येच अडकते, पानं उड्या मारतात, असं असेल तर मजकूर निवडून नव्या फाइलीत न्यावा. मात्र अगदी शेवटची परिच्छेदखूण सोडून. दस्तऐवजाची बरीचशी मांडणी त्या शेवटच्या खुणेत साठवलेली असते आणि दुखणंही पुष्कळदा तिथेच असतं. ती बरोबर नेली तर दुखणंही नव्या घरी जातं.

२००७ च्या ऑफिसपासून वर्डची फाइल 'डॉकएक्स' झाली. या फाइलीचं एक गुपित आहे. ती खरं तर झिप केलेलं गाठोडं असते. प्रतीच्या नावाचं शेपूट बदलून 'झिप' केलं आणि ती उघडली, तर आत 'वर्ड' नावाचा फोल्डर दिसतो. त्यात 'डॉक्युमेंट' नावाच्या फाइलीत सगळा मजकूर आणि 'मीडिया' फोल्डरमध्ये चित्रं. मांडणीचा चक्काचूर झाला, तरी मजकूर तिथून काढता येतो. जुनी 'डॉक' फाइल ही एकसंध पेटी होती, तिच्यात असं डोकावता येत नसे. फाइलीचा आकारच शून्य दाखवत असेल, तर मात्र तिच्याशी झटापट करू नका. त्याऐवजी मेलच्या पाठवलेल्या पत्रांत, व्हॉट्सअॅपवर, छापखान्याच्या मशिनवर आधीची प्रत आहे का, ते पाहा. बहुधा असते. आणि वर्ड दर दहा मिनिटांनी स्वतःपुरती एक प्रत ठेवतो, तो अवधी दोन मिनिटांवर आणा. आपल्याकडच्या विजेला दहा मिनिटांचा भरवसा देता येत नाही.

सोसायट्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रॅममधून यादी बाहेर काढून अहवालात घालणं. प्रोग्रॅममध्ये सगळं ठीक दिसतं, 'एक्सपोर्ट' म्हटलं की वर्डमध्ये रकाने वेडेवाकडे होतात. कारण त्या प्रोग्रॅमने रकाने काढलेलेच नसतात, मोकळ्या जागा सोडून ओळी जुळवलेल्या असतात. स्पेसबार दाबत ते सरळ करत बसू नका. यादी आधी एक्सेलमध्ये घ्या आणि तिथून वर्डमध्ये कोष्टक म्हणून आणा. पण एक्सेलमध्ये घेताना डोळ्यांत तेल घाला. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडली, की मराठी नावांच्या जागी तो डोक्यावर रेघेचा ए येऊ शकतो. त्याऐवजी 'डेटा' या मेनूतून फाइल आत घ्यायची आणि यूटीएफ-८ निवडायचं. तिथेच प्रत्येक रकाना मजकूर आहे की आकडा, हेही सांगता येतं. ते सांगितलं नाही, तर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात.

आणि गट नंबर! हे मी प्रत्येक सचिवाला सांगते. गट नंबर १२/३ असा इंग्रजी आकड्यांत लिहिला, की एक्सेल त्याला तारीख समजतो आणि '१२ मार्च' करून ठेवतो. कर्जदारांच्या एका यादीत अर्ध्या जमिनी मार्चमध्ये आणि अर्ध्या जूनमध्ये गेलेल्या मी पाहिल्या आहेत. नंतर रकाना मजकुराचा केला, तर १२/३ परत येत नाही, भलताच एक पाच आकडी क्रमांक येतो. आणि ६५/२ तारीख होऊ शकत नाही म्हणून तसाच राहतो किंवा महिना-वर्ष समजला जातो, त्यामुळे यादीवरून नजर फिरवताना चूक कळतही नाही. रकाना आधी मजकुराचा करायचा, मगच आकडे आत घ्यायचे. उलट, रकमांच्या रकान्यात युनिकोडचे मराठी आकडे टाइप केले तर बेरीज होत नाही. हिशेब इंग्रजी आकड्यांत करावा आणि मराठी आकडे छापायच्या वेळी आणावेत.

अहवाल तयार झाला की पीडीएफ. अडोबीने १९९३ साली ही पद्धत आणली, २००८ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचा मोठा गुण असा, की फॉन्ट फाइलीच्या आतच बांधून देता येतो. वाचणाऱ्याकडे फॉन्ट असो-नसो, पान तसंच दिसतं. पीडीएफ वाचकात फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फॉन्टांची यादी असते. तिथे प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' असल्याची खात्री करा, मगच छापखान्याला पाठवा. पण पीडीएफ म्हणजे बरणीतलं लोणचं. टिकतं, दिसतं, पण त्यातून पुन्हा कैरी मिळत नाही. पीडीएफ अक्षरं कशी काढायची ते लक्षात ठेवते, ती कुठली होती ते नीट ठेवेलच असं नाही. म्हणून युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला, तरी वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटून येतात. पुढच्या वर्षी 'आकडे तेवढे बदलायचे' असतील, तर पीडीएफच्या जोडीने डॉकएक्सही जपून ठेवा.

जाता जाता, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. तोही पीडीएफच. काही जण तो घेऊन येतात आणि म्हणतात, "वर्डमध्ये करून एवढं नाव दुरुस्त करून द्या." ते मी करत नाही. नाव दुरुस्त करायचं ठिकाण तलाठी कार्यालय.

तर मावशींचे यजमान. जुन्या फॉन्टात यादी उघडली आणि सचिवांनी बोट फिरवत नाव काढलं. पुढे भागांची संख्या, रक्कम, सगळं होतं. मी यादी युनिकोडमध्ये आणली, शोधायला सोपी व्हावी म्हणून. आडनाव टाकून शोधलं, तर सापडेना. आडनावात 'ऱ्ह' होता आणि परिवर्तकाने त्याचा रफार करून ठेवला होता. म्हणजे आधी प्रोग्रॅममधून सुटलेला माणूस आमच्या नव्या यादीतूनही सुटायच्या बेतात होता. मग सचिव आणि मी जुनी यादी एका पडद्यावर आणि नवी दुसऱ्या पडद्यावर ठेवून ओळ अन् ओळ वाचली. त्याला पुरी दुपार गेली. अशी आणखी सात नावं निघाली.

छापून दोन्ही दिल्या. नवी यादी सोसायटीच्या दप्तराला, आणि जुन्या फॉन्टातलं ते एक पान अर्जाला जोडायला, कारण पंचांनी २००१ चा अहवाल त्याच अक्षरांत पाहिलेला होता. मावशींनी ते पान हातात घेतलं, चष्मा पुसला आणि नावावर बोट ठेवून सचिवांना विचारलं, "अण्णा, याच्यावर शिक्का कुठं मारायचा?"